सात बोटांची पैलवान आणि गादीत रुतलेलं नख

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, आमचं चपलांचं काम आहे. कोल्हापुरात सुभाषनगरला खाली काम आणि वर राहणं. गेल्या श्रावणात नातवानं पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू उचलून आणलं. त्याच्या पुढच्या दोन्ही पंजांना सात-सात बोटं निघाली. पंजे एवढे थोराड की पोरानं नाव ठेवलं पैलवान. नंतर कळलं की ती मांजरी आहे, पण नाव तेच राहिलं. सासूबाई म्हणतात, हिची आई गाभण असताना ग्रहणात बाहेर हिंडली असणार. तरी दुपारची झोपते त्यांच्याच मांडीवर. आठ दिवस झाले, ती डाव्या पायानं लंगडतेय. पंजाला हात लावला की ओरडते. अंगठ्याजवळचं एक नख बांगडीसारखं गोल वळलंय. आमचे हे म्हणाले, कातडं कापायच्या रापीनं उडवून टाकतो. मी नको म्हटलं. त्यात तिनं तयार दोन जोडांच्या वेण्या उसवल्या. दीर म्हणतात, ऑपरेशन करून सगळी नखंच काढा, नाहीतर जादा बोटं तरी काढून टाका. शेजारच्या दोघींना मात्र तिची पिल्लं हवी आहेत, जादा बोटांचं मांजर शकुनाचं असतं म्हणून. मी काय करू?

उत्तर

ताई, रापी बाजूला ठेवायला लावलीत हे फार चांगलं केलंत. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण आधी पैलवानला दवाखान्यात न्या. आज जमलं तर आजच, नाहीतर उद्या सकाळी. आठ दिवस लंगडणारं मांजर आठ दिवस दुखणं सोसत असतं. मांजराची जात दुखणं लपवणारी. ती ओरडतेय म्हणजे आता तिला लपवणंही जमेनासं झालंय.

बांगडीसारखं वळलेलं ते नख बहुतेक पुढे वाढून बोटाच्या गादीत शिरलं असणार. वरून नुसता गोल दिसतो, टोक आत रुतलेलं असतं. तिथे जखम होते, पू होतो, आणि मांजर ती जागा चाटून चाटून आणखी ओली करतं. घरी हे नख ओढू नका आणि कापूही नका. कापताना नख हललं की आतलं टोक जखमेत फिरतं, आणि तशा वेळी अगदी गरीब मांजरही कडकडून चावतं. दवाखान्यात गरज पडली तर गुंगीचं इंजेक्शन देऊन नखाची कमान मधोमध कापतात, रुतलेला तुकडा चिमट्याने ओढून काढतात, भोक धुऊन घेतात आणि पू असेल तर औषध देतात. काम थोड्या वेळाचं आहे. बहुतेक मांजरं एक-दोन दिवसांत पाय नीट टेकायला लागतात.

नेताना चपलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून नेऊ नका, घाबरलेलं मांजर पुठ्ठा फाडून भर रस्त्यात उडी मारतं. जाळीची झाकणवाली बास्केट घ्या, आत सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं अंथरा आणि झाकण दोरीने बांधा. गुंगी द्यावी लागेल का आणि सकाळी खायला द्यायचं की नाही, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

तोपर्यंत घरी करण्यासारखं फार थोडं आहे. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्या पाण्याच्या बोळ्याने पंजा हलक्या हाताने पुसा, तिने पुसू दिला तर. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक आपल्या घरोघरी असतं, ते मांजराला अजिबात लावू नका. ती पाय चाटणार, ते पोटात जाणार, आणि तसली रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. हळदही दाबू नका, जखम झाकली जाते आणि डॉक्टरला आतलं दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुखतंय म्हणून माणसाची तापाची गोळी तिला देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. अशी मांजरं माझ्या टेबलावर आली आहेत, जिभा आणि हिरड्या मातकट झालेल्या, आणि प्रत्येक वेळी गोळी देणारं माणूस जीव लावणारंच होतं. म्हणून हे मी प्रत्येकाला सांगते.

आता बोटांचं.

साध्या मांजराला 18 बोटं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. तुमच्या हिशोबाने पैलवानला 22 झाली. हा काही रोग नव्हे. पिल्लू आईच्या पोटात असताना पंजा घडतो, तेव्हा कुठल्या बाजूला अंगठा आणि कुठल्या बाजूला शेवटचं बोट हे एक जनुक ठरवतं. शास्त्रज्ञांनी त्याला सॉनिक हेजहॉग असं नाव दिलंय. त्या जनुकाला चालू-बंद करणारी एक कळ असते. तिच्यात एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी जनुक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतं आणि तिथे जास्तीची बोटं फुटतात. म्हणून बहुतेक मांजरांत जादा बोटं अंगठ्याकडेच दिसतात, आणि पंजा हातमोजा घातल्यासारखा दिसतो. माणसातही असं होतं. हृतिक रोशनच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॅनडातल्या जेक नावाच्या बोक्याची 2002 मध्ये पशुवैद्यकाने मोजणी केली, तर चारही पायांना सात-सात म्हणजे 28 बोटं भरली. त्याच्यापुढे तुमची पैलवान अजून सहा बोटांनी मागे आहे.

सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण सांगा जरूर. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. हा गुण आई-बापाकडून येतो, आणि दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. पैलवानच्या आईला किंवा बापाला, कुणाला तरी अशीच बोटं असणार. तुमच्या गल्लीच्या आसपास रुंद पंजांचा एखादा बोका हिंडताना दिसला, तर सासूबाईंना खिडकीतून दाखवा. त्याचा जास्त उपयोग होईल. आणि त्या माउलीने ग्रहणाचं बोलत बोलत तिला मांडीवर घेतलंय, तेव्हा मला त्यांची काळजी वाटत नाही.

बोटं निरुपद्रवी आहेत, तर मग हे दुखणं आलं कुठून? नखाकडे नीट बघितलं की कळतं. मांजराचं नख कांद्यासारखं पापुद्र्यापापुद्र्यानं वाढतं. मांजर लाकूड, पोतं, झाडाचं खोड ओरबाडतं तेव्हा वरचा जुना पापुद्रा टरफलासारखा सुटून पडतो आणि आतून नवं टोकदार नख निघतं. तुमच्या कामाच्या जागेत पोकळ, वाकडी, पारदर्शक टरफलं सापडली असतील, ती हीच. पण हे होतं ते जमिनीला आणि लाकडाला लागणाऱ्या बोटांचं. अंगठा आणि पंजा यांच्या बेचक्यात अडकलेलं जादा बोट कशालाच लागत नाही. त्याचं नख झिजत नाही, सोलत नाही, नुसतं वळत जातं आणि शेवटी आपल्याच गादीत शिरतं. काही जादा बोटांची नखं नीट म्यानातही जात नाहीत, मग ती गोधडीत, पडद्यात अडकून मुळातून उपटली जातात. कधी एकाच बोटाला दोन नखं एकमेकांना चिकटून आलेली असतात. कधी बोट असतं आणि नखच नसतं. म्हणून सात बोटं म्हणजे सात नखं असं धरून चालू नका.

हे मी चूक करून शिकले. दवाखाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत एक म्हातारा बोका आला होता, लंगडणारा. घरच्यांनी सांगितलं, दुसऱ्या बोक्याशी मारामारी झाली. मी बोटं दाबून पाहिली, सांधे पाहिले, सूज उतरायचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. दहा दिवसांनी तो परत आला, आणखी वाळलेला. तेव्हा बेचक्यातले केस ओले करून बाजूला केले, तर आत हरभऱ्याच्या डाळीएवढं एक बोट लपलं होतं आणि त्याचं नख गादीत पार शिरलं होतं. त्या बोक्याला दहा दिवस जास्त दुखलं, ते माझ्यामुळे. तेव्हापासून पंजा हातात आला की मी केस ओले करून बेचकं उघडते आणि बोटं मोजते, मांजर कशासाठीही आलेलं असो.

तुम्हीही डॉक्टरांना तेच करायला सांगा. "हिची सगळी नखं मोजून द्या" असं स्पष्ट म्हणा. आकडा आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: डावा पुढचा इतकी, उजवा पुढचा इतकी, मागची इतकी. पुढे नखं कापताना मोजत जायचं. आकडा जुळला नाही तर एखादं राहिलंय, पुन्हा बेचकं बघायचं. पंजाचा एक एक्स-रे काढून घेता आला तर आत्ताच घ्या, गुंगी दिलेली असेल तेव्हाच. कुठल्या बोटात हाड आहे, कुठलं नुसत्या कातडीवर लोंबतंय, हे एकदाच कळून जातं.

जखम भरली की नखं घरी कापायला शिका. दवाखान्यात दर वेळी यायची गरज नाही, आणि पैलवानला ते आवडणारही नाही. वेळ तुम्हीच पत्रात सांगितलीय: दुपारी, जेवण झाल्यावर, सासूबाईंच्या मांडीवर. त्यांनी तिला नेहमीसारखं थोपटत राहायचं आणि तुम्ही समोर उजेडाकडे तोंड करून बसायचं. पहिले आठ दिवस कात्री हातात घेऊच नका. रोज एकेक बोट वरून अंगठ्याने आणि खालून गादीकडून तर्जनीने हलकेच दाबा. नख म्यानातून बाहेर सरकतं. सोडा, आणि उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या, बिनमिठाचा. तिला कळलं पाहिजे की पंजा दाबला की वाईट काही होत नाही.

मग नख उजेडात धरून बघा. पांढऱ्या नखात मुळाकडे गुलाबी त्रिकोण दिसतो. तो नखाचा जिवंत भाग, त्यात रक्त आणि नस दोन्ही. त्याच्या अलीकडे दोन मिलीमीटर सोडून फक्त वाकडं टोक उडवायचं. नख काळं असेल तर आतलं दिसत नाही, तेव्हा सुईसारखं टोक तेवढंच काढा. मांजरासाठी छोटी कात्री मिळते, पात्याला अर्धगोल खाच असलेली. तीच घ्या. आपलं नेलकटर नख दोन बाजूंनी दाबतं आणि ते उभं चिरतं. रापी तर पूर्णपणे विसरा. तुमच्या मालकांचा हात कितीही बसलेला असला तरी कातडं पाटावर गप्प पडून राहतं, मांजर राहत नाही. एका बैठकीत दोन-तीन नखं झाली तरी पुष्कळ. तिने शेपटी आपटायला सुरुवात केली की त्या दिवसाचं काम संपलं. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर त्यावर दाबून धरा, दोन-तीन मिनिटांत थांबतं. जमिनीला लागणारी नखं दोन-तीन आठवड्यांनी कापली तरी चालतात. बेचक्यातली मात्र दर आठवड्याला बघायची, कापायची असोत वा नसोत. रविवार ठरवून टाका.

आता पाऊस तोंडावर आलाय. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, महिना महिना काही वाळत नाही. पैलवानच्या जादा बोटांमधल्या फटीही वाळत नाहीत. बाहेरून आली की पंजे सुती फडक्याने पुसा आणि फडक्याचं टोक बेचक्यात फिरवा. फटीत लाली, कुबट वास किंवा केस गळलेले गोल चट्टे दिसले तर बुरशी असू शकते. ती नातवाच्या अंगावरही उठते, म्हणून लगेच दाखवा.

दीर म्हणतात त्यावर मी जरा कडक बोलणार आहे. "सगळी नखं काढा" हे ऐकायला सोपं वाटतं. पण मांजराचं नख आपल्यासारखं बोटावर चिकटलेलं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. पुन्हा उगवू नये असं काढायचं म्हणजे ते हाडच कापायचं. आपल्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटावं, तसं. साध्या मांजराच्या पुढच्या पायांत अशी दहा कापाकापी, पैलवानच्या बाबतीत चौदापर्यंत. नंतर ती त्या खुंटांवर चालते. माती उकरताना दुखतं म्हणून कित्येक मांजरं ठरलेल्या जागी शी-शू करायची सोडतात. आणि नख गेल्यावर संरक्षणाला दात उरतात, तेव्हा चावायला लागतात. इंग्लंडमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यापासून उपचाराचं कारण नसताना हे करता येत नाही, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये बंदी घातली. आपल्याकडेही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, आणि प्राण्याचा अवयव विनाकारण छाटणं त्यात गुन्हा आहे. चपलेच्या वेणीसाठी हे करायचं नाही, आणि मी करून देणार नाही.

जादा बोट काढण्याचं थोडं वेगळं आहे. एखादं बोट कातडीवर लोंबतंय आणि सारखं अडकतंय, किंवा नीट कापूनही त्याच बोटाचं नख पुन्हा पुन्हा गादीत शिरतंय, तर ते एक बोट काढणं हा उपचार आहे. तेही नसबंदीच्या भुलीतच उरकता येतं. पण दिसायला वेगळी म्हणून सगळी बोटं काढायची नाहीत. बहुतेक मांजरं त्या रुंद पंजांनी वस्तू धरतात, झेलतात, कपाटाचं दारही उघडतात.

राहिल्या चपला. तुमचं नुकसान खरं आहे, एका जोडाला किती तास लागतात ते मला माहीत आहे. मांजर ओरबाडतं ते खोडी म्हणून नव्हे. अंग ताणायला, टरफल सोलायला आणि पंजातल्या गंधाने "ही जागा माझी" असं सांगायला ओरबाडतं. ते बंद होणार नाही, पण दुसरीकडे वळवता येतं. तीन फूट उंचीचा एक लाकडी खांब जाड पाटावर घट्ट ठोकून घ्या, ती मागच्या पायांवर उभी राहून ताणली तरी हलता कामा नये. त्याला लक्ष्मीपुरीच्या बाजारातून काथ्या किंवा जाड सुतळी आणून वेढे कडक ओढून गुंडाळा. घरात सांडलेली कातड्याची कातरणं आहेत म्हणून तीच खांबाला ठोकाल, तर तेवढं करू नका. कातरण कुठलं आणि तयार कोल्हापुरी कुठली हे मांजराला कळत नाही. तिच्या पंजाला कातडं एकच. खांबाचा स्पर्श आणि वास कातड्याहून वेगळाच हवा. खांब ठेवायचा ती झोपून उठते तिथे आणि कामाच्या जागेच्या दाराशी, कारण उठल्या उठल्या अंग ताणायचं असतं आणि येण्याजाण्याच्या वाटेवर खूण करायची असते. कोपऱ्यात अडगळीत ठेवाल तर ती ढुंकून बघणार नाही. तयार जोड झाकणाच्या पेटीत ठेवा. शिलाईचा दोरा तर रात्री बाहेर राहूच देऊ नका, मांजराने दोरा गिळला की आतडी गोळा होतात आणि मग मोठं ऑपरेशन करावं लागतं.

शेजारणींना पिल्लं द्यायची का? नाही, ताई. जादा बोटांचं मांजर शकुनाचं असं पूर्वी अटलांटिकवरचे खलाशीही मानायचे आणि मुद्दाम जहाजावर घ्यायचे. मला ती समजूत ग्रहणापेक्षा बरी वाटते, निदान त्यात मांजराला जेवायला मिळतं. पण पैलवानच्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांना अशी बोटं येतील, आणि नखाचं हे दुखणंही त्यांच्यासोबत जाईल. आठवड्याला बेचकं उघडून बघणारं माणूस प्रत्येक घरात असेल, याची खात्री तुम्ही देऊ शकाल का? शिवाय जादा बोटांसारख्याच दिसणाऱ्या एका वेगळ्या व्यंगात पुढच्या पायाचं हाडच आखूड राहतं आणि पिल्लू नीट उभं राहू शकत नाही. पैलवान चालते-पळते चांगली, म्हणजे तिला ते नसावं. एक्स-रेत तेही कळेल. त्यात ती आता वर्षाची होत आली. मांजरी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते आणि नऊ आठवड्यांत विते, तेव्हा ती आत्ताच गाभण नाही ना, हेही याच खेपेला तपासून घ्या आणि नसबंदीची तारीख ठरवा. शेजारणींना मांजर हवंच असेल तर पावसाळ्यात दर गल्लीत भिजलेली पिल्लं सापडतात, तुमच्या नातवाला सापडलं तसं.

नातवासाठी एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात गेलात की पैलवानला रेबीजची लस झालीय का ते बघा, नसेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा द्या. आणि हे दुखणं चालू असताना तिने त्याला ओरखडलं किंवा ती चावली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पूर्ण पंधरा. मग लपवाछपवी न करता सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे माणसांना लस मिळते. पोरं मांजराला मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. त्याला आधीच सांगून ठेवा की पैलवानला कोणी काही करणार नाही, फक्त आजीला लगेच सांगायचं.

नखांचा आकडा किती निघाला ते मला कळवा. माझा अंदाज 21 आहे, पण त्या बेचक्यात काय लपलंय ते केस ओले केल्यावरच कळेल.